मराठी माध्यमाचा छात्राध्यापक आणि वर्गातील तंत्रज्ञान : डिंडोली (सुरत) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

बी.एड. च्या अभ्यासक्रमात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान हा घटक आता नवा राहिलेला नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा करण्यात आला. तेव्हा या घटकाला स्वतंत्र स्थान मिळाले आणि शाळेतील आंतरवासिताही दीर्घ मुदतीची झाली. छात्राध्यापक संगणक कक्षात स्लाइड तयार करतो, प्रोजेक्टर जोडतो, त्याचे गुणही मिळवतो. मात्र प्रत्यक्ष वर्गात त्याची जी अडचण होते, ती यंत्र चालविण्याची क्वचितच असते. कोणत्या भाषेतले, कोणत्या पुस्तकावर बेतलेले साहित्य कोणत्या मुलांपुढे ठेवायचे, याचा निर्णय त्याला घेता येत नाही. मराठी माध्यमाच्या बाबतीत ही अडचण सुरत शहराच्या डिंडोली परिसरात विशेष स्पष्टपणे दिसते.

परिसराची पार्श्वभूमी :

डिंडोली हा सुरतच्या आग्नेय भागातील, उधना-जळगाव लोहमार्गालगतचा परिसर. उधना, लिंबायत आणि डिंडोली या पट्ट्यात खान्देशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही त्यांची गावे याच लोहमार्गावर किंवा त्याच्या आसपास आहेत. पुरुष यंत्रमागावर किंवा डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, बहुधा बारा तासांच्या पाळीत काम करतात. स्त्रिया घरी साड्यांना लेस लावणे, टिकल्या चिकटविणे अशी कामे करतात. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. एका नगरसंस्थेने सात माध्यमे सांभाळावीत, ही गोष्ट देशात सहसा आढळत नाही. तिची दखल शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांनी घ्यावी तेवढी घेतलेली नाही.

मराठी माध्यमाच्या मुलाची भाषिक स्थिती मात्र वाटते तितकी सरळ नाही. मुलग्याला 'आंडोर' आणि मुलीला 'आंडेर' म्हणणाऱ्या अहिराणी घरातून ते येते. रस्त्यावर गुजराती व हिंदी ऐकते आणि शाळेत प्रमाण मराठी वाचते. त्याचे पाठ्यपुस्तक मराठीत असले तरी ते गांधीनगरच्या गुजरात राज्य शाळा पाठ्यपुस्तक मंडळाचे असते.

साहित्याची सीमारेषा :

शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या बाबतीत गुजरात मागासलेला आहे असे कोणी म्हणणार नाही. गुजरात शासनाचा 'ज्ञानकुंज' प्रकल्प २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झाला. त्यात आरंभी इयत्ता ७ वी व ८ वीच्या वर्गांना लॅपटॉप, प्रोजेक्टर, परस्परसंवादी फळा व ध्वनिवर्धक देण्यात आले. त्याच वर्षी 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठही सुरू झाले. त्यात शिक्षकाने मंडळ, माध्यम व इयत्ता निवडायची असते. छात्राध्यापक घाईत असला की येथेच चुकतो. मराठी माध्यम हवे म्हणून तो महाराष्ट्र मंडळ निवडतो. भाषा मिळते, पण घटकांचा क्रम, उदाहरणे आणि नकाशे वर्गातील पुस्तकाशी जुळत नाहीत. उलट गुजरातीतील चित्रफीत घेतली तर आशय जुळतो, पण लिपी आड येते. गुजरातीला शिरोरेखा नाही. पुष्कळ अक्षरे देवनागरीशी मिळतीजुळती असली तरी क, ख, च, ज, झ, फ, ब यांची वळणे वेगळी आहेत. मुलाला कानाने गुजराती कळते, म्हणून पडद्यावरील गुजराती मजकूर त्याला वाचता येईल, हा समज बरोबर नाही.

हा प्रश्न आजचा नाही. १९७५-७६ मध्ये 'साइट' या उपग्रह दूरदर्शन प्रयोगातून सहा राज्यांतील खेड्यांत कार्यक्रम दाखविले गेले. उपग्रह एकच होता, पण कार्यक्रम हिंदी, ओडिया, कन्नड आणि तेलुगू अशा चार भाषांत करावे लागले. २०२० च्या टाळेबंदीत गुजरातमध्ये डीडी गिरनार वाहिनीवरून शालेय पाठ दाखविण्यात आले, ते प्रामुख्याने गुजरातीतून. डिंडोलीतल्या मराठी मुलासाठी ती सोय अर्धीच होती. घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर पाळीवर गेलेला असेल, तर दुसरा मार्गही बंदच.

एक पाठ, दोन टाचणे :

उदाहरणादाखल, अशा शाळेत 'तापी नदी' या विषयावर पाठ घ्यावयास आलेली एक छात्राध्यापिका डोळ्यांसमोर आणावी. तिचे पहिले टाचण सहसा असे असते : प्रस्तावनेचे दोन प्रश्न, मग वीस मिनिटांची चित्रफीत, मग मूल्यमापनाचे प्रश्न. पडदा चालू असताना वर्ग शांत राहतो. निरीक्षक त्या शांततेला चांगला शेरा देण्याची शक्यताही असते. पण प्रश्न सुरू झाले की मुले उत्तरासाठी पुस्तक उघडतात, कारण पडद्यावरचे त्यांनी पाहिले, त्याच्याशी केले काहीच नाही.

दुसरे टाचण विषयाच्या पोटातून निघते. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते. बऱ्हाणपूरवरून ती खान्देशात येते, प्रकाशे येथे गोमाई तिला मिळते, पुढे उकाई धरणात अडते आणि सुरतपाशी समुद्राला मिळते. लांबी ७२४ किलोमीटर. महाराष्ट्राच्या नकाशात ही नदी नंदुरबार जिल्ह्याशी संपते, गुजरातच्या नकाशात ती उकाईच्या बाजूला सुरू होते. ज्या मुलाचे आजोबा प्रकाशाजवळ आणि वडील डिंडोलीत राहतात, त्याला या दोन्ही नकाशांत आपली नदी अखंड दिसत नाही. उपग्रह-चित्रांवर आधारित नकाशात राज्यांच्या सीमा दिसेनाशा करता येतात. मुलताईपासून सुरतपर्यंतचा निळा पट्टा तेथे एका दमात दाखविता येतो. भिंतीवरच्या तक्त्याने जे होत नव्हते ते येथे यंत्राने होते, म्हणून येथे यंत्र वापरावे. सहा-सात मिनिटांत नदी वरपासून खालपर्यंत पाहून झाली की प्रोजेक्टर बंद करावा. पुढचा तास फळ्याचा आणि वहीचा आहे. मुलांनी नदी काढावी, आपले मूळ गाव तिच्या कोणत्या काठाला येते ते दाखवावे, गाडीत लागणारी स्थानके लिहावीत. त्यात नवापूर येतेच. त्या स्थानकाच्या फलाटातून दोन राज्यांची सीमा जाते, हे ठाऊक असलेले एखादे मूल वर्गात हमखास निघते, आणि मग तो पाच मिनिटे शिक्षक असतो. ऑगस्ट २००६ चा पूर ही तर येथील घराघरातील गोष्ट आहे. त्याविषयी घरी विचारून येण्याचा गृहपाठ कोणत्याही स्लाइडपेक्षा मोलाचा.

दोन्ही टाचणांत साधन तेच आहे. पुण्यश्लोक मिश्रा व मॅथ्यू कोएलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीचा आशयही हाच आहे. विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तिन्ही सुटी सुटी असून भागत नाही, ती एकमेकांत मिसळावी लागतात. त्यांच्यापूर्वी ली शुलमन यांनी १९८६ मध्ये पहिल्या दोहोंची सांगड घातली होती. महाराष्ट्रातील बी.एड. महाविद्यालयांना 'आशययुक्त अध्यापन पद्धती' या नावाने ही कल्पना परिचित आहे. तिच्यात यंत्राची भर पडली, इतकेच.

अक्षरांची अडचण :

स्लाइड महाविद्यालयात उत्तम दिसते, आणि शाळेच्या लॅपटॉपवर उघडताच तिच्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. हा अनुभव पुष्कळ छात्राध्यापकांना येतो. कारण साधे आहे. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षर हे रोमन अक्षराच्या जागी बसविलेले चित्र असते. तो फाँट दुसऱ्या यंत्रावर नसला की चित्र जाते आणि मूळ जागा उघडी पडते. उर्दू माध्यमाच्या छात्राध्यापकाला हीच गोष्ट 'इनपेज'च्या फाइलबाबत अनुभवास येते. तेथे उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ उलटी होण्याचा त्रास वेगळाच. यावर उपाय युनिकोडचा. इनस्क्रिप्ट कळफलक आठ-दहा दिवसांच्या सरावाने येतो, आणि देवनागरीचा आला की त्याच जागांवर गुजरातीही येते. सुरतेत हा लाभ लहान नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील र मोबाइलवर लिहिताना अनेकदा चुकतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह र ची कळ दाबली की तो नेमका मिळतो. भाषेच्या शिक्षकाने पडद्यावर 'दुसर्या' असे लिहिले, तर मुले तेच वहीत उतरवतात.

सरावाची रीत :

हे सारे व्याख्यानाने येत नाही. सूक्ष्म अध्यापन १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाले. आपल्याकडे सत्तरच्या दशकात त्याची रुजवण ज्या केंद्रांनी केली, त्यांत गुजरातमधीलच बडोदा विद्यापीठाचे शिक्षणातील प्रगत अध्ययन केंद्र अग्रेसर होते. सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनराध्यापन, सहा मिनिटे पुनःप्रत्याभरण हे ३६ मिनिटांचे चक्र फलकलेखन आणि चेतक बदल या कौशल्यांसाठी वापरले जाते. तेच चक्र 'प्रोजेक्टर बंद करणे' या कौशल्यासाठी का वापरू नये? चित्र दाखवून ते केव्हा काढायचे, काढल्यावर पहिले वाक्य कोणते बोलायचे, मुलांकडे तोंड केव्हा वळवायचे, एवढाच सहा मिनिटांचा पाठ. निरीक्षण वहीत 'साधनांचा वापर केला' यापुढे होय-नाहीचा रकाना असतो. त्याऐवजी 'साधनाने कोणते काम झाले' असा रकाना असता, तर छात्राध्यापकाचे टाचण आपोआप बदलले असते.

आणि वीज जाते, वायफाय तुटते, जोडणीची वायर कोणाच्या तरी कपाटात बंद असते. तापीचा पाठ घेणाऱ्या छात्राध्यापिकेने आदल्या संध्याकाळी उपग्रह-नकाशाची चार चित्रे पेन ड्राइव्हवर घ्यावीत आणि एक जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर निळ्या खडूने हाताने काढून न्यावे. प्रोजेक्टर चालला तर ते पिशवीत राहील. न चालला तर मुले त्याभोवती गोळा होतील, आणि उकाई कोठे येते ते बोट ठेवून दाखवतील.