मोबाईलचे कव्हर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोबाईलच्या कव्हरचे मुख्य काम एकच असते: फोन पडला की त्याला बसणारा मार आपल्यावर घेणे. परतूरसारख्या मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी त्याला धूळ आणि चाळिशीपार जाणारा उन्हाळाही सोसावा लागतो. कव्हर निवडताना पुढील गैरसमज हमखास आड येतात.

गैरसमज: कव्हर जितके जाड आणि कडक, तितका फोन सुरक्षित.
वस्तुस्थिती: फोन कोपऱ्यावर आपटला की सगळा मार एवढ्याशा जागेवर येतो. मऊ कव्हर तिथे दबते, फोन थांबायला क्षणभर जास्त वेळ लागतो आणि धक्क्याचा जोर कमी होतो. नुसते कडक प्लास्टिक ओरखडे अडवते, पण धक्का बराचसा आत पोहोचवते. त्यामुळे कोपऱ्यांत मऊ टीपीयू (रबरासारखे लवचिक प्लास्टिक) किंवा हवेची पोकळी असलेले कव्हर चांगले. त्याची कड काचेपेक्षा आणि कॅमेऱ्यापेक्षा किंचित उंच हवी; मग फोन सपाट फरशीवर पालथा पडला तरी काच थेट टेकत नाही. खडीवर मात्र ही कड पुरत नाही, कारण खड्याचे टोक सरळ काचेला लागते.

गैरसमज: ‘मिलिटरी ग्रेड’ कव्हर लष्कराने तपासलेले असते.
वस्तुस्थिती: या दाव्यामागचे ‘एमआयएल-एसटीडी-810’ हे अमेरिकी संरक्षण खात्याने ठरवलेल्या चाचणी पद्धतींचे नाव आहे. हे खाते कव्हरांना प्रमाणपत्र देत नाही. चाचणी कंपनी स्वतः करते किंवा खासगी प्रयोगशाळेत करून घेते. या मानकाच्या 2008 च्या ‘जी’ आवृत्तीत वस्तू सुमारे 1.22 मीटरवरून 26 वेळा पाडतात, तीही काँक्रीटवर अंथरलेल्या प्लायवुडवर. हे 26 आघात पाच नमुन्यांत वाटून घेण्याचीही मुभा आहे. शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा रस्ता प्लायवुडपेक्षा कितीतरी कठीण असतो.

गैरसमज: पारदर्शक कव्हर मळल्यामुळे पिवळे पडते.
वस्तुस्थिती: हाताचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने निघतो, पिवळेपणा निघत नाही. ऊन आणि उष्णतेमुळे टीपीयूमध्येच रासायनिक बदल होतो. कडक उन्हात तो लवकर दिसतो.

गैरसमज: कव्हर घातले की मागच्या बाजूला ओरखडे पडत नाहीत.
वस्तुस्थिती: कव्हर आणि फोन यांच्या फटीत धूळ शिरते. तिच्यातील वाळूचे क्वार्ट्झ कण मोहस् मापनावर 7 कठीणतेचे, म्हणजे फोनच्या काचेपेक्षा सहसा अधिक कठीण असतात. ढिल्या कव्हरात ते घासत राहतात. म्हणून कव्हर त्याच मॉडेलचे, घट्ट बसणारे असावे आणि अधूनमधून काढून पुसावे.

गैरसमज: फोन तापतो तो कव्हरमुळेच.
वस्तुस्थिती: कव्हर उष्णता निर्माण करत नाही, तिला बाहेर पडायला उशीर लावते. फोन तापतो तो ऊन, वेगवान चार्जिंग आणि गेम यांनी. आयफोन वापरण्यासाठी अॅपलने सांगितलेली हवेच्या तापमानाची वरची मर्यादा 35 अंश सेल्सिअस आहे. परतूरमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी ती सहज ओलांडली जाते. चार्जिंगला लावलेला फोन तापू लागला तर कव्हर काढावे आणि दुचाकीच्या होल्डरमध्ये तो उन्हात ठेवू नये.

गैरसमज: फ्लिप कव्हरच्या चुंबकाने मेमरी पुसली जाते.
वस्तुस्थिती: फोनमधील माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते, चुंबकाने ती जात नाही. होकायंत्र मात्र चुकू शकते आणि त्याच कव्हरात ठेवलेल्या एटीएम कार्डाची काळी पट्टी बिघडू शकते.