पानातलं बाटलीत किती उतरतं?

कोरियाहून येणाऱ्या क्रीमच्या डब्यांवर हल्ली ‘सिका’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. ही सिका म्हणजे आपली मंडूकपर्णी. पाणथळ जागी आणि बांधाच्या कडेने पसरणारी, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची ही वनस्पती कोकणात कारिवणा म्हणून ओळखली जाते, तर महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी लोक तिला सरळ ब्राह्मी म्हणतात. घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण ब्राह्मी याच नावाने नीरब्राह्मीही विकली जाते. तिचं कुळ वेगळं, पान वेगळं आणि पानातली रसायनंही वेगळी. तेव्हा ‘ब्राह्मीचा अर्क, प्रयोगशाळेत तपासलेला’ असं वाचल्यावर आधी विचारायला हवं, की कुठली ब्राह्मी? मग, अर्क कशात काढला? आणि तपासला म्हणजे नेमकं काय केलं? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय ‘तपासलेला’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही, कारण वनस्पतींच्या अर्कांवरच्या बहुतेक चाचण्या जिथे थांबतात, तिथून खरी परीक्षा सुरू व्हायची असते.

अर्क म्हणजे पानाचं सार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो पानातला एक वाटा असतो आणि तो कोणता, हे द्रावक ठरवतो. हेक्झेनमध्ये मेण आणि तेलकट पदार्थ उतरतात, पाण्यात साखरा, टॅनिन, क्षार. अल्कोहोल मधलं बरंच काही ओढून घेतं. त्यात उष्णतेचीही भर पडते. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने मलेरियावरच्या औषधासाठी दोनशेच्या आसपास वनस्पतींपासून ३८० अर्क तपासले होते. छिंगहाओ या दवण्याच्या जातभाईचा अर्क एकदा गुण दाखवायचा, पुढच्या वेळी दाखवायचा नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ग्रंथात तू यूयू यांना एक साधी कृती सापडली: मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळा आणि तो रस प्या. उकळा असं त्यात कुठेच नव्हतं. उकळण्यानेच गुण जात असावा, हे त्यांनी ताडलं. ईथर जेमतेम ३५ अंशांना उकळतं, म्हणून त्यांनी ते द्रावक वापरलं आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये त्या अर्काने उंदरांमधल्या मलेरियाचे परजीवी पूर्ण रोखले. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ मध्ये नोबेल. वनस्पती तीच होती, फरक काढण्याच्या रीतीत होता. आयुर्वेदाला ही गोष्ट नवी नाही. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच कल्पना म्हणजे द्रव्यातला गुण बाहेर काढायच्या पाच वेगळ्या रीती. अडुळशाच्या पानाला नुसतं कुटून रस सुटत नाही, म्हणून त्यासाठी पुटपाक, म्हणजे पानांचा गोळा गुंडाळून भाजून मग पिळायची रीत, सांगितला आहे. जुन्या वैद्यांनी जो भेद इतक्या काटेकोरपणे जपला, तो बाटलीवरच्या ‘लीफ एक्स्ट्रॅक्ट’ या दोन शब्दांत साफ पुसला जातो.

आता चाचण्यांकडे येऊ. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत दोन चाचण्या फार लाडक्या आहेत. पहिलीत डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात अर्क घालतात. जांभळा रंग जाऊन पिवळट झाला, की अर्क ‘अँटिऑक्सिडंट’ ठरतो. दुसरीत जिवाणू वाढवलेल्या अगारच्या बशीत अर्काची टिकली ठेवतात आणि तिच्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. दोन्ही चाचण्या प्रामाणिक आहेत, स्वस्त आहेत आणि शेकडो पानांतून पुढे तपासण्याजोगी चार निवडायला उपयोगी आहेत. अडचण ही, की पहिलीत नापास होणारं पान शोधणं कठीण. पानाला दिवसभर उन्हात उभं राहायचं असतं, त्यामुळे बचावासाठी लागणारी पॉलिफेनॉल प्रत्येक हिरव्या पानात असतातच. चहाही त्यात उत्तम गुणांनी पास होतो. जिथे कोणी नापासच होत नाही, त्या परीक्षेच्या निकालाचं काय कौतुक करायचं? बशीतल्या वर्तुळाचंही तसंच. व्हिनेगरही बशीत जिवाणू मारतं. नुसत्या द्रावकाची टिकली शेजारी ठेवली नसेल, तर जिवाणू पानाने मारले की अल्कोहोलने, हेसुद्धा कळत नाही.

बशीतून माणसाकडे येताना निकाल फिरतो, कधी पार उलटाही होतो. बीटा-कॅरोटिन हा नामांकित अँटिऑक्सिडंट फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज देऊन पाहिला. त्या प्रयोगात एकूण २९,१३३ जण होते. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती, पण १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त आढळला. त्वचेची गोष्ट आणखी वेगळी, कारण त्वचेचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवणं हे आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धड त्वचेतून सहसा आत जात नाही, असा एक ठोकताळा २०००च्या सुमारास मांडला गेला. मंडूकपर्णीतला एशियाटिकोसाइड हा रेणू पेशींना कोलॅजेन बनवायला उद्युक्त करतो, हे पेशींच्या पातळीवर दिसलेलं आहे. पण त्याला साखरेच्या तीन कड्या जोडलेल्या असतात आणि त्याचं वजन भरतं सुमारे ९५९. त्या कड्या काढल्या, की उरणारं एशियाटिक आम्ल ४८९चं, म्हणजे उंबरठ्यावरच. जखमेवर मंडूकपर्णी लावायची जुनी रीत आहे आणि तिथे अडसर आधीच उघडा असतो. धड गालावर तोच रेणू तेच काम करील, हे जखमेवरून सिद्ध होत नाही. करणारच नाही, असंही नाही. ते वेगळं तपासावं लागतं, एवढंच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हजार वर्षांचा अनुभव हा पुरावा नाही का? आहे, आणि चांगला आहे. अडुळसा कफ सोडवतो, हा अनुभव खरा होता. त्यातल्या व्हॅसिसिनचा माग काढत ब्रोमहेक्सिन आलं आणि त्यापासून अँब्रॉक्सॉल. पण परंपरेला काय दिसू शकतं, यालाही मर्यादा आहे. कफ सुटला, खाज थांबली, हे चार दिवसांत दिसतं. महिनोन्महिने रोज घेतलेल्या काढ्याने यकृतावर काही झालं, तर त्याचा संबंध त्या काढ्याशी कोण जोडणार? करोनाकाळात घरोघरी गुळवेल उकळली गेली आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते नाकारलं. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य केला, तरी वनस्पती ओळखण्याची चाचणी टाळता येत नाही, हेच त्यातून पुढे येतं.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे: पानातले घटक एकमेकांच्या साथीने काम करतात, एकच रेणू वेगळा काढला की गुण हरवतो. काही वनस्पतींच्या बाबतीत असं असेलही. मग अख्खा अर्कच तपासावा, त्याला कुणाची हरकत नाही. फक्त दर खेपेचा अर्क सारखा हवा, म्हणजे त्यातल्या दोन-तीन खुणेच्या घटकांचं प्रमाण मोजलेलं हवं. पावसाळ्यात खुडलेलं पान आणि वैशाखात खुडलेलं पान एक नसतं. शिवाय साथ नेहमी भल्यासाठीच असते, असंही नाही. पान सोडून क्षणभर बीकडे वळू. बावचीत सुरकुत्यांवर वापरला जाणारा बाकुचिओल आहे तसाच सोरालेनही आहे, आणि सोरालेन लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर ती भाजून निघते. तिथे दोघांची फारकत करण्यातच शहाणपण आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि त्यात तथ्य आहे. अडुळशाच्या पानावर कुणाची मक्तेदारी नाही, मग त्याच्या मोठ्या चाचणीवर खर्च कोण करील? पोटात घ्यायच्या औषधांबाबत याला सोपं उत्तर नाही. सरकारी पैसा हवा, तोही डीपीपीएचच्या हजाराव्या निबंधावर न उधळता मोजक्या पानांवर लावलेला. त्वचेच्या बाबतीत मात्र ही सबब तितकी टिकत नाही. त्याच बाकुचिओलची सुरकुत्यांवरच्या नेहमीच्या रेटिनॉलशी तुलना करणारा एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माणसं ४४ होती आणि काळ बारा आठवड्यांचा. कुणाला काय दिलं, हे सुरकुत्या मोजणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. दोन्हींनी सुरकुत्या सारख्याच कमी झाल्या आणि रेटिनॉलवाल्यांत आग व सालपटं निघणं जास्त होतं. मंडूकपर्णीसाठी तर माणसांचे दोन गट करायचीही गरज नाही. एका गालावर अर्काचं क्रीम, दुसऱ्यावर अर्क वगळून केलेलं तेच क्रीम, नळ्यांवर फक्त ‘उजवा’ आणि ‘डावा’, आणि कोणत्या नळीत काय आहे ते बाराव्या आठवड्यापर्यंत बंद पाकिटात.