अठरा होलांची रपेट

येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबचा मी सभासद आहे. पुण्यासारख्या गजबजलेल्या शहरात एवढी हिरवळ आणि झाडी टिकून आहे, याचेच अप्रूप वाटते. पण डॉक्टर म्हणून मला या मैदानाचे मोल वेगळे वाटते. अठराही होल पायी खेळले तर आठ-दहा किलोमीटर चालणे होते, तेही गप्पांच्या नादात! ‘रोज फिरायला जा’ म्हटले की मधुमेही रुग्ण तोंड वाकडे करतात. इथे तसे होत नाही.

स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने २००८ मध्ये तीन लाख गोल्फपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा ४० टक्के कमी आढळला. (मुळात धडधाकट माणसेच गोल्फ खेळत राहतात, हेही खरे.) मात्र बॅटरीच्या गाडीतून हिंडणाऱ्या आमच्या मित्रांनी हा आकडा स्वतःला लावू नये. त्यांच्यापेक्षा कॅडीचाच व्यायाम जास्त होतो!

हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारून नऊ होलांपासून सुरुवात करावी. सकाळी लवकर खेळावे, पाणी जवळ ठेवावे. छातीत दाब वाटला, दरदरून घाम फुटला तर तिथेच बसावे आणि सोबत्याला इस्पितळात न्यायला सांगावे. वळवाचे ढग गडगडू लागले की झाडाचा आडोसा नको. खेळ सोडून थेट क्लबहाऊस गाठावे.