ट्राउटच्या पाण्यावरचे पक्षी

तीर्थन नदीवर ज्या माशासाठी देशभरातून गळवाले येतात, तो मासा मुळात हिमालयाचा नाही. ब्राउन ट्राउट युरोपातला, रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेतला. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरमध्ये जगली. पुढे हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीने १९०९ मध्ये कुलूत कटराईनजवळच्या महिली येथे उबवणी केंद्र निघाले आणि काश्मीरची अंडी तिथे आली. साहेबाला सुट्टीत गळ टाकायला मासा हवा होता, एवढाच त्यामागचा हेतू. तो मासा बियासच्या उपनद्यांमध्ये असा रुजला की आज तीर्थन म्हटले की आधी ट्राउटच आठवतो. मला मात्र या खोऱ्याची ओढ लागली ती ट्राउटच्या शेजाऱ्यांमुळे.

चंदीगड-मनाली महामार्गावर औटच्या बोगद्याआधी लारजीकडे एक रस्ता फुटतो. तो बंजारवरून नागिनी, गुशैनीकडे जातो. पुढे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान सुरू होते. १९९९ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१४ मध्ये जागतिक वारसास्थळाचा. तिथे पक्ष्यांच्या २०९ जाती नोंदल्या आहेत. त्यातले मोनाल आणि जुजुराणा बघायचे तर दमछाक करणारी चढण चढावी लागते. नदीकाठचे पक्षी मात्र ट्राउट शेतीच्या बांधावर बसूनही दिसतात.

ही शेती पाहण्यासारखी असते. नदीचे किंवा एखाद्या नाल्याचे पाणी पाटाने वळवून लांबट, अरुंद सिमेंटच्या हौदांत घेतात. त्यांना रेसवे म्हणतात. एका तोंडाने पाणी आत, दुसऱ्या तोंडाने बाहेर, आणि ते दिवसरात्र वाहते राहिले पाहिजे. ट्राउटला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. तेरा ते अठरा अंश सेल्सिअसला तो चांगला खातो-वाढतो. पाणी त्याहून तापत गेले की खाणे सोडतो. पाट गाळाने तुंबला तर हौदातला माल बघता बघता उलटा तरंगू लागतो, म्हणून शेतकरी रात्रीही उठून पाणी बघून येतो.

हिवाळ्यात उबवणी केंद्रात अंडी काढण्याचे काम चालते. बर्फगार पाण्यात हात घालून कामगार मादी उचलतो, ओल्या फडक्यात धरतो आणि पोटावरून शेपटीकडे अंगठा हलकेच सरकवतो. वाटाण्याहून लहान, केशरी अंड्यांची धार कोरड्या घमेल्यात पडते. त्यावर नराचे रेत पिळून पिसाने ढवळतात, मग पाणी घालतात. मादी पुन्हा हौदात सोडली जाते. सगळे मिनिटभरात उरकते. पण अंगठ्याचा दाब जरा जास्त झाला तर मासा आतून दुखावतो. हे कसब पुस्तकातून येत नाही.

याच हौदांतून बाहेर पडणारे पाणी नदीला मिळते, तिथे बसावे. दगडावर तपकिरी रंगाचा, आखूड शेपटीचा, गुबगुबीत पक्षी दिसतो. हा डिपर. उभ्या उभ्या गुडघे मोडल्यासारखा खालीवर होतो, डोळा मिटतो तेव्हा पापणीची पांढरी पिसे चमकतात. आणि एकदम पाण्यात शिरतो. बदकासारखे पडदे त्याच्या पायांना नाहीत. पंखांनी पाणी कापत, नखांनी दगड धरत तो तळाशी चालतो, खडे उलथतो आणि चोचीत अळी घेऊन वर येतो. नाकपुडीवर झडप असते, पिसांना तेलाचा दाट लेप असतो. बाकी पक्षी थंडीने कुडकुडत असतात तेव्हा, फेब्रुवारीच्या सुमारास, हा धबधब्याआड शेवाळाचे गोल घरटे बांधायला घेतो.

डिपर ज्या अळ्या खातो त्या मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या पाणकिड्यांच्या. नदीतल्या ट्राउटचेही मुख्य खाणे तेच. पाणी गढुळले, तापले, की दगडाखालचे हे किडे आधी जातात. त्यामुळे गळवाल्यांसाठी जपलेले पाणी आपोआप डिपरसाठीही जपले जाते. त्या पाण्यावर इतरही जगतात. गंजक्या शेपटीचा, पाटीच्या रंगाचा प्लंबियस रेडस्टार्ट सारखी शेपटी उघडमीट करत असतो. पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट उन्हाळ्यात वरच्या ओढ्यांवर जातो, थंडीत खाली उतरतो. करडा धोबी इथे घरटे करतो. त्याचे भाऊबंद सप्टेंबरपासून आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांवर उतरतात. क्रेस्टेड किंगफिशर, आपल्या कवड्या खंड्याच्या दीडपट मोठा, थेट माशांवरच टपून असतो. बोटुकलीच्या, म्हणजे बोटभर पिल्लांच्या, हौदांवर जाळे पसरायचे ते अशाच पाहुण्यांसाठी. शेतकरी त्याच्यावर चिडतात, पण जाळे असले की भांडण मिटते.

शेजारच्या सैंज नदीची गोष्ट वेगळी. तिथे ५२० मेगावॉटच्या पार्वती-३ प्रकल्पासाठी धरण आहे. पाणी अडवून बोगद्यात घातले जाते. तीर्थनवरही छोट्या जलविद्युत प्रकल्पांची रांग येऊ घातली होती. स्थानिकांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि प्रकल्प थांबले. ट्राउटमुळे गावाला मिळणारा पैसा हा त्यांच्या बाजूचा एक मोठा मुद्दा होता. परक्या माशाने नदी वाचवायला हातभार लावला, हे मान्य करायलाच हवे.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि खोऱ्यातल्या जाहिरातींत ती कुठेच नसते. हौदांतून सुटणारे पाणी उरलेले खाद्य आणि विष्ठा घेऊन जाते. गाळ बसवायची टाकी नसेल तर खालच्या दगडांवर शेवाळ माजते आणि स्टोनफ्लाय नाहीशा होतात, म्हणजे डिपरचे ताटच उचलले जाते. जुलै २०२३ च्या पुराने कुलू जिल्ह्यातल्या ट्राउट शेतीचे फार मोठे नुकसान केले. हौद पुन्हा बांधताना प्रत्येक शेतावर ही टाकी अनुदानाची अट म्हणून घालायला हवी.

आणि असेला. हा इथला मूळचा मासा, स्नो ट्राउट. नाव ट्राउटचे असले तरी कुळ आपल्या रोहू-महसीरचे. खालच्या ओठाने दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा. ब्राउन ट्राउट त्याची पिले खातो, जागा बळकावतो. वर धरणे त्याची ये-जा तोडतात. जागतिक यादीत तो आज धोक्यात असलेल्या जातींमध्ये आहे. भीमतालच्या शीतजल मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननावर काम केले आहे, म्हणजे ज्ञान देशात आहे. दरवर्षी रेनबोची बोटुकली तयार करणाऱ्या सरकारी उबवणी केंद्रांत एक हौद असेलासाठी ठेवला, तर त्याची पिले ज्या वरच्या नाल्यांत ट्राउट अजून पोहोचलेला नाही तिथे सोडता येतील. त्याआधी असे नाले कोणते, याची पाहणी झाली पाहिजे, आणि ती गावातल्या गळवाल्यांना सोबत घेऊनच होऊ शकते. कुठल्या नाल्यात काय आहे, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही.