आजीचं मत कुणाच्या हाती?

“गुरुजी, मतपत्रिका आमच्याकडं देऊन ठेवा, आजीचं मत आम्हीच टाकून आणतो.” जिंतूर तालुक्यात बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून घरोघरी नमुना १२-डी, म्हणजे घरून मत देण्यासाठीचा अर्ज, वाटताना हे हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण माझ्या हाती असतो तो नुसता अर्ज. आणि आजीचं मत गोळा करून नेण्याचा अधिकार नातवाला नाही, कार्यकर्त्याला तर नाहीच.

२०१९ साली निवडणूक नियम बदलून ८० वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना टपाली मताची सोय मिळाली. मार्च २०२४ मध्ये वयाची अट ८५ झाली. त्याच वर्षी लोकसभेसाठी प्रथमच देशभर गृहमतदान झालं. परभणीत मतदान २६ एप्रिलला होतं. घरची मतं त्याआधीच घेतली गेली.

नाव टपाली, पण पोस्टमन येत नाही. मतदान अधिकाऱ्यांचं पथक येतं, सोबत पोलीस आणि चित्रीकरण करणारा. उमेदवारांना वेळापत्रक आधी कळवतात. त्यांच्या प्रतिनिधीनं पाहावं, हात लावू नये. आजी आडोशाला खूण करते, तिथं कॅमेराही नाही. मतपत्रिका लहान पाकिटात, ते पाकीट प्रतिज्ञापत्रासह मोठ्या पाकिटात जातं. नजर किंवा हात साथ देत नसेल, तरच १८ वर्षांवरचा सोबती घेता येतो.

अमेरिकेत मतपत्रिका खरोखरच टपालानं घरी येते. भरलेली कुणी नेऊन द्यायची, याचे कायदे राज्यागणिक वेगळे. ॲरिझोनानं २०१६ मध्ये कुटुंबीय, घरात राहणारे, सांभाळणारे आणि टपाल व निवडणूक कर्मचारी सोडून इतरांनी ती गोळा करणं गुन्हा ठरवलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा कायम ठेवला. आपल्याकडं जे पथक मतपत्रिका आणतं, तेच घेऊन जातं. त्यामुळं हा वादच उरत नाही.

पण अटी कडक आहेत. निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत अर्ज पोचला पाहिजे. तो मंजूर झाला की मतदार यादीत नावापुढं ‘पीबी’ (पोस्टल बॅलट) लागतं, मग केंद्रावर मत देता येत नाही. पथक दोनदाच येतं. तोवर आजीला लेकीकडं पुण्याला पाठवलं असेल, तर मत गेलंच.

गृहमतदानाची सक्ती नाही. घरात पंच्याऐंशी पार केलेलं माणूस असेल, तर घरी की केंद्रावर, हे त्यांनाच विचारा आणि अधिसूचना निघताच बीएलओला गाठा.