आजेंत मोंतेरो

गोवा सत्याग्रहाची गोष्ट पुण्याला नवी नाही. 1955 साली केसरीवाड्यात गोवा विमोचन सहायक समितीची लगबग चाले. सदाशिव पेठ तिथून हाकेच्या अंतरावर. 18 मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन हद्दीपार गेले. पुढे नानासाहेबांना दहा वर्षांची सजा झाली, मधु लिमयांना बारा. महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी सुधाताई यांनी म्हापशाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि त्याही गजाआड गेल्या. मार खाणाऱ्यांची नावे आपण जपली. मारणाऱ्यांची कोणी विचारली नाहीत.

त्यातले एक नाव कासिमिरो मोंतेरो. जन्म गोव्यातलाच. पोलिसातला हा माणूस लोकांत 'आजेंत', म्हणजे एजंट, मोंतेरो म्हणूनच ओळखला जाई, आणि ते नाव दहशतीचे होते. त्याच्या पाठीशी उभी होती पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट. 1926 च्या लष्करी बंडातून तिची वाट मोकळी झाली आणि 1945 पासून 'पीदे' हे गुप्त पोलीस खाते तिचे डोळे, कान आणि मूठ बनले. गोव्यात राजकीय कैद्यांचे खटले लष्करी न्यायासनापुढे चालत. वकील, साक्षी वगैरे सोपस्कार तिथले. त्याआधी कोठडी असे. अस्नोड्याचे बाळा राया मापारी फेब्रुवारी 1955 मध्ये अशाच कोठडीतल्या छळाने गेले. निःशस्त्र माणसाला बेदम मारायचे आणि हद्दीवर नेऊन टाकायचे, हा तर नित्याचा प्रकार.

मोंतेरो पुढे 'पीदे'त गेला आणि तिथे त्याच्या हाताला मोठे काम मिळाले. जनरल उंबेर्तु देल्गादो यांनी 1958 ची अध्यक्षपदाची निवडणूक सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध लढवली होती. नंतर ते परागंदा झाले. विरोधकांची गुप्त बैठक आहे अशी थाप मारून 'पीदे'ने त्यांना स्पेनमध्ये, पोर्तुगालच्या सरहद्दीजवळ बोलावून घेतले. 13 फेब्रुवारी 1965. 'पीदे'च्या रोझा काझाकूच्या हाताखालची टोळी खोट्या पासपोर्टांवर मोटारींतून आली होती. मोंतेरोने देल्गादोंवर गोळ्या झाडल्या. सोबत असलेल्या त्यांच्या ब्राझिलियन सचिव अराजारीर कांपुस यांनाही मारले, कारण साक्षीदार मागे ठेवायचा नव्हता. प्रेते व्हियानुएव्हा देल फ्रेस्नोजवळ पुरली. एप्रिलमध्ये ती सापडली. 1969 साली मोझांबिकचे नेते एदुआर्दो मोंदलाने पार्सलमधल्या बाँबने मारले गेले, तेव्हाही संशयाची सुई मोंतेरोकडे वळली.

त्याच 1969 च्या जानेवारीत गोव्याच्या लढ्यातले मोहन रानडे पोर्तुगालच्या कैदेतून सुटले. सांगलीचा हा तरुण मराठी शिकवायला म्हणून गोव्यात गेला, आझाद गोमंतक दलात शिरला आणि बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा सव्वीस वर्षांची. त्यातली पाच एकांतवासात. 1961 मध्ये गोवा सुटला, रानडे मात्र लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात तसेच राहिले. सुटकेसाठी सुधीर फडके वर्षानुवर्षे झटले आणि अण्णादुराईंनी थेट पोपना साकडे घातले. एक माणूस सोडवायला गायक, मुख्यमंत्री आणि धर्मगुरू लागले, यावरून त्या राजवटीचा हट्ट कळतो! रानडे 2019 मध्ये पुण्यात वारले.

पोर्तुगालमध्ये 1974 ची क्रांती झाली तेव्हा मोंतेरो दक्षिण आफ्रिकेत पळाला. 1981 मध्ये लिस्बनच्या लष्करी न्यायालयाने देल्गादोंच्या खुनाबद्दल त्याला गैरहजेरीत जवळजवळ वीस वर्षांची सजा ठोठावली. हुकूम देणारे वरचे बहुतेक सुटले आणि सगळे खापर गोळी झाडणाऱ्यावर फुटले. हे मला पटत नाही. चाप ओढणारा दोषी असला, तरी त्याला मोटार, पासपोर्ट आणि पगार देणारे खाते निर्दोष कसे? शिवाय तो खटला जनरलच्या खुनाचा होता. म्हापसा-पणजीच्या कोठड्या त्यात आल्याच नाहीत. मोंतेरो 1993 मध्ये दक्षिण आफ्रिकेतच मेला.

सदाशिव पेठेतल्या कुणाच्या घरी सत्याग्रहींची पत्रे, डायऱ्या, दवाखान्याचे कागद अजून ट्रंकेत असतील, तर ते रद्दीत घालू नका. कोणी मारले, कुठल्या ठाण्यात मारले, ते वाचा आणि नावानिशी लिहून काढा. भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत आहे. तिथे जाऊन ते एकदा दाखवा.