जीर्ण मस्तिष्कावरणगत रक्तसंचय : औषधीचिकित्सेची मर्यादा

मालाडच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींतून सत्तरी ओलांडलेले रुग्ण आमच्याकडे बहुधा संधिवातासाठी अथवा मलावष्टंभासाठी येतात. सोबतचा मुलगा निघता निघता म्हणतो, "बाबांचा तोल हल्ली जातो, विसरतातही फार." वार्धक्यातील वातवृद्धी समजून आपण ब्राह्मी, अश्वगंधा लिहून देतो. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून डोके आपटले होते का, हे विचारायचे मात्र राहून जाते.

वयोमानाने मेंदू आकसतो व त्यापासून बाह्य आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. किरकोळ आघातानेही त्या फाटतात. साचलेल्या रक्ताभोवती काही आठवड्यांत पटल तयार होते आणि त्यातील नाजूक नवजात वाहिन्यांतून रक्त व द्रव पुन्हा पुन्हा झिरपतो. हाच क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा. लक्षणे उशिरा प्रकट होत असल्याने पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश असा समज सहज होतो. निदान सी. टी. स्कॅनने होते. लक्षणे असलेल्या मोठ्या संचयात कवटीला छिद्र पाडून रक्त काढणे ही प्रस्थापित चिकित्सा होय.

हे वनौषधींनी, शस्त्रक्रियेवाचून, बरे होईल काय? या प्रश्नाचा सर्वाधिक विचार जपानमध्ये झाला आहे. तेथील कांपो वैद्यकात 'गोरेइसान' नावाचा पाच द्रव्यांचा योग आहे. त्यांतील दालचिनी आपल्या परिचयाची. त्याचे मूळ सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या 'शांग हान लुन' या चिनी ग्रंथात असून शरीरातील जलसंचयावर तो वापरला जातो. पेशींच्या आवरणातील जलमार्गांवर, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन प्रथिनांवर, त्याचे कार्य होत असावे असे प्रयोगशाळेतील अभ्यास सुचवतात. जपानी मेंदूशल्यविशारद शस्त्रक्रियेनंतर पुनरुद्भव टळावा म्हणून तो देतात. तथापि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत पुनरुद्भव लक्षणीय प्रमाणात घटल्याचे सिद्ध झाले नाही. आपल्या योगांसाठी तर या व्याधीत एवढाही पुरावा आम्हांस ज्ञात नाही.

आधुनिक औषधांचीही वाट सुकर नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोन दिलेल्या रुग्णांत पुन्हा शस्त्रक्रियेची गरज कमी भासली; परंतु सहा महिन्यांनंतरची त्यांची एकूण स्थिती मात्र तुलनेने वाईट होती. रक्तसंचय घटला म्हणजे रुग्ण बरा झाला, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शस्त्रक्रियेचा सहचर म्हणून औषधी कशी अभ्यासावी, याचा पाठ मुंबईनेच घालून दिला आहे. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी अवरोधजन्य काविळीच्या रुग्णांना गुडूची दिली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० रुग्ण होते. पित्तनिर्हरण व प्रतिजैविके दोन्ही गटांत होती. एका गटात गुडूचीची भर घातली होती आणि त्याच गटाचे परिणाम सरस ठरले. शस्त्रक्रिया टाळण्याचा दावा तेथे नव्हता. मस्तिष्कावरणातील रक्तसंचयासाठी असे काही करावयाचे, तर शल्यविशारदाच्या देखरेखीखालील रुग्णांतच ते करता येईल.

चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात हृदय, बस्ती व शिर ही तीन मर्मे स्वतंत्र अध्यायात विवेचिली आहेत. शिरोमर्मी दाब वाढत असताना पक्षाघाताच्या निदानावर बस्ती व नस्याचे दिवस मोजत बसणे, ही त्या मर्माची उपेक्षाच होय. अलीकडे उद्भवलेली शिरोवेदना, अडखळती चाल, दिवसा अतिनिद्रा, एका हाताचे बल कमी होणे, यांपैकी काही आढळल्यास प्रथम सी. टी. स्कॅन करवावा. तंद्रा वाढत असल्यास अथवा वारंवार वमन होत असल्यास रुग्णास त्वरित मेंदूशल्यविभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन चालू आहे का, हे विचारून चिठ्ठीवर नोंदवावे. लसूण वा गुग्गुळाचे कल्प आपणच दिलेले असतील तर तेही तेथेच लिहावे. रक्तस्रावाच्या संदर्भात शल्यविशारदास ही माहिती हवी असते, आणि रुग्ण ती स्वतःहून सहसा सांगत नाही.